अक्षरं अडली म्हणून आयुष्य अडू नये



आज एका जुन्या गोष्टीपासून सुरुवात करू. साल १८९६. इंग्लंडमध्ये सीफर्ड इथले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहून ठेवलं. मुलगा चुणचुणीत, खेळात पुढं. मोठमोठे आकडे झटकन वाचायचा. पण छापलेला साधा शब्द समोर आला की अडायचा. स्वतःच्या नावातली अक्षरं त्यानं मागंपुढं लिहिली, तरी चूक त्याला दिसली नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत पहिला आला असता.

या अडचणीला आज आपण डिसलेक्सिया म्हणतो. तो आळस नाही, बुद्धी कमी असणंही नाही. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला अशा मेंदूला जास्त कष्ट पडतात. आपल्यापैकी काहीजणींना वाचता येत नाही, कारण शाळेतच घातलं नाही. ती गोष्ट वेगळी. इथं मूल रोज शाळेत जातं, तरीही अडतं.

पूर्वी आपल्याकडं सुतार, कुंभार, विणकर यांची कामं बघून आणि करून शिकली जायची. तिथं वाचता न येणारं पोर मागं पडत नव्हतं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं, मॅट्रिकची परीक्षा आली आणि हळूहळू नोकरीचं दार लेखी पेपरातूनच उघडू लागलं. अडचण जुनीच होती, पण त्या दारापाशी ती मोठी झाली. अशा पोराला 'ढ' म्हणून मोकळं झाले सगळे. पोरगी असली तर शाळा सोडवून लग्न लावलं.

१९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला, पण त्यात ही अडचण मोजलीच नव्हती. १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडं दुर्लक्ष, काही विषयांत सूट. त्यांचा फायदा मात्र बराच काळ शहरातल्या, जास्त करून इंग्रजी शाळांतल्या मुलांना झाला. मराठीत तपासणीच्या चाचण्याच कमी होत्या. २००७ साली 'तारे जमीन पर' आला, तेव्हा कुठं हा शब्द घराघरात पोचला.

मोठा बदल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्यात शिकण्यातली ही विशिष्ट अक्षमताही आली. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंद असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागांचा हक्क आहे. नोकरीतल्या त्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटाला आहे, त्यात ही मुलं येतात.

व्हर्जिन कंपनी उभी करणारे रिचर्ड ब्रॅन्सन यांना डिसलेक्सिया आहे, त्यांनी १६ व्या वर्षी शाळा सोडली. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण त्यांचे वडील बॅरिस्टर होते, घर पाठीशी होतं. आपल्या पोरांनी शाळा सोडली तर त्यांना कोण सावरणार? म्हणून शाळा सोडवू नका. अशा प्रत्येकाच्या हातात कसब असतंच असंही नाही, आणि वेल्डिंग, शिवणकाम, गाडी दुरुस्ती एवढंच त्यांच्यासाठी आहे असंही नाही. योग्य मदत मिळाली तर यातली मुलं पदवीधर होतात, शिक्षक होतात, डॉक्टर होतात. ज्याला हातकाम आवडतं, त्यानं आयटीआयला जावं. काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो.

बायांनो, तिसरी-चौथीत गेलेलं पोर बोलण्यात हुशार आणि वाचनात सारखं अडत असेल, तर आधी डोळे-कान तपासून घ्या. मग शाळेतल्या बाईंशी बोला. आशाताईंना विचारून जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. तपासणीची सोय सगळीकडं नसते, एक-दोन चकरा होतील. एकटीनं जाऊ नका, गटातली एखादी सोबत न्या. कर्जासाठी बँकेत जाताना आपण दोघी-तिघी मिळून जातोच की. पोराच्या कागदासाठीही तसंच जाऊ.