बीएफडी म्हणजे काय? लिंक तुटल्याचं राउटरला लगेच कसं कळतं?

व्हिडिओ कॉल गोठतो आणि अर्ध्या मिनिटाने आपोआप सुरू होतो. दोष दरवेळी तुमच्या फोनचा नसतो. कधी कधी मधल्या राउटरलाच लिंक तुटल्याचं उशिरा कळलेलं असतं.

दोन राउटरच्या मध्ये स्विच असेल आणि पलीकडची केबल तुटली, तर अलीकडचा पोर्ट चालूच दिसतो. ओएसपीएफ मग हॅलो पॅकेटची वाट बघत बसतो. इथरनेटवर ही वाट सहसा 40 सेकंदांची!

यावर उपाय बीएफडी (आरएफसी 5880, 2010). दोन्ही राउटर एकमेकांना सतत छोटी पॅकेट पाठवतात. अंतर 300 मिलिसेकंद आणि मल्टिप्लायर 3 ठेवला, तर 900 मिलिसेकंदांत बिघाड कळतो.

सेटिंग असं करा:

1. दोन्ही बाजूंच्या इंटरफेसवर टायमर टाका.
2. ओएसपीएफ किंवा बीजीपीमध्ये बीएफडी चालू करा, नाहीतर रूट बदलणार नाही.
3. फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट 3784 उघडा.
4. सेशन ‘अप’ झालं का बघा.

मी एकदा हौसेने 50 मिलिसेकंद ठेवले होते. सीपीयूवर लोड आला आणि चांगली लिंकही सारखी पडायला लागली. म्हणून आधी 300 ने सुरुवात करा, मग गरजेप्रमाणे कमी करा.