सात महिने न उमटलेली मोहर

लालबाग हैदर अलीने १७६० मध्ये लावावयास घेतली, हे तेथे फिरावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींना ठाऊक असते. त्याच्या आदल्याच वर्षी गोपाळराव पटवर्धनांच्या फौजेने याच बंगळुरास वेढा घातला होता, हे मात्र क्वचितच कुणी सांगतो. पुढे १७७० मध्ये तुमकूरच्या वाटेवरील निजगलचा किल्ला माधवराव पेशव्यांनी घेतला. माधवराव गेल्यावर हैदराने राघोबादादांचा पक्ष उचलून धरला व कृष्णेपर्यंतचा मुलूख गिळला. दोन्ही दरबारांत एवढे वैर साचले होते.

तरीही १७८० च्या प्रारंभी त्यांचा तह झाला. राघोबांस पुढे करून इंग्रज पुण्याशी लढत होते. हैदराला ज्या बंदरातून शस्त्रे मिळत, ते फ्रेंचांचे माहे त्यांनी १७७९ मध्ये घेतले होते. पेशव्यांचे वकील कृष्णराव नारायण जोशी यांनी श्रीरंगपट्टणी बोलणी केली. नाना फडणिसांनी थकलेल्या खंडणीवर पाणी सोडले, कृष्णेपर्यंतचा मुलूख हैदराकडे राहू दिला. हैदराने राघोबांचा नाद सोडला. जुलैत तो कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूरला त्याने कर्नल बेलीची फौज बुडविली.

इकडे १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह ठरविला. हैदराने जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा, असे एक कलम त्यात होते. आणि हैदरास तर कुणी विचारलेही नव्हते! कलकत्त्याहून जूनमध्येच मंजुरी आली; पुण्याची मोहर मात्र उमटेना. कागद अडवून ठेवणे हेही एक उत्तर असते, हे आम्हां सरकारी नोकरांना कुणी शिकवावयास नको. नानांच्या या विलंबात दिल्या शब्दाची चाड होती, तसा हैदराकडून कृष्णेखालचा मुलूख सोडवून घेण्याचा हिशेबही होता. माझ्या मते दुसरे अधिक.

७ डिसेंबरास हैदर वारला. २० डिसेंबरास मोहर उमटली.

तीन वर्षांत नरगुंदावरून टिपूशी युद्ध पेटले. १७८७ मध्ये गजेंद्रगडास पुन्हा तह झाला. पण मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन त्याला मे महिन्यात मेलुकोट्याजवळ येऊन मिळाले.