नाकातली बंद वाट

आपल्या नाकाच्या मधल्या पडद्यावर, नाकपुडीपासून दीड-दोन सेंटिमीटर आत, अनेकांना एक बारीक छिद्र असते. सगळ्यांना असतेच असे नाही. त्यामागे काही मिलिमीटर लांबीची, पुढे बंद झालेली नळी असते. तिला ‘जेकबसनचा अवयव’ म्हणतात.

अॅमस्टरडॅमच्या फ्रेडरिक रॉइश यांनी १७०३ मध्ये माणसाच्या नाकातील या नळ्यांची नोंद केली. पण नाव मिळाले ते कोपनहेगनचे शल्यविशारद लुडविग जेकबसन यांचे. १८११ च्या सुमारास त्यांनी अनेक सस्तन प्राण्यांमधला हा अवयव तपासून त्याचे सविस्तर वर्णन केले. माणसातल्या नळीचे बारकाईने वर्णन कोलिकर यांनी १८७७ मध्ये केले.

प्राण्यांना तो खरोखर उपयोगी पडतो. साप जीभ लपलपवून हवेतले कण टाळूतल्या याच अवयवाकडे नेतो. गाय माजावर आली की बैल तिचे मूत्र हुंगतो आणि मान उंचावून वरचा ओठ मुडपतो. गोठ्यात वावरणाऱ्यांनी हे अनेकदा पाहिलेले असते.

मग माणसाचे काय? १९९० नंतर ‘फेरोमोन’ असलेली, समोरच्याला भुरळ घालणारी अत्तरे बाजारात आली आणि विक्रेत्यांनी या छिद्राचा दाखला दिला. मला हा दावा पटत नाही. मोठ्या माणसात या नळीपासून मेंदूकडे जाणारी मज्जातंतूंची जोडणी सापडलेली नाही. प्राण्यांमध्ये हा अवयव ज्या जनुकावर चालतो, ते टीआरपीसी-२ आपल्यात निकामी आहे. आपल्या पूर्वजांत ते दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी बिघडले. अत्तर आवडते ते आपल्या साध्या घ्राणेंद्रियामुळे.

तरी ‘निरुपयोगी’ म्हणून तो सोडून देण्याची घाई नको. गर्भात नाकाच्या याच भागात जन्मलेल्या काही पेशी इथल्या मज्जातंतूंच्या आधाराने मेंदूत पोहोचतात. पुढे वयात येण्याची प्रक्रिया त्याच सुरू करतात. हा प्रवास अडला, तर काही मुलांना वासही येत नाही आणि ती आपोआप वयातही येत नाहीत. डॉक्टर याला कालमन सिंड्रोम म्हणतात. अशा मुलांना संप्रेरकांचे उपचार देता येतात.

म्हणून मला वाटते, ‘अवशेष’ या शब्दाने फसू नये. वाट आज बंद दिसते. पण आपण जन्मण्याआधी तिच्या आसऱ्याने कोणीतरी चालून गेलेले असते.