घड्याळाच्या धाकातला निबंध

अमेरिकेतील हार्वर्ड कॉलेजात प्रवेश मागणाऱ्या तरुणास एकेकाळी लॅटिन व ग्रीक येणे अगत्याचे असे. गणितही कसोशीने विचारले जाई. त्याची स्वतःची भाषा त्याला नीट लिहिता येते की नाही, याची मात्र फारशी चौकशी होत नसे. ती १८७४ साली सुरू झाली. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी आपला एक जुना सहाध्यायी, ॲडम्स शर्मन हिल, यास इंग्रजी शिकविण्यास आणले होते. हा गृहस्थ पूर्वाश्रमीचा वृत्तपत्रकार. वेळेच्या आत मजकूर हातावेगळा करण्याची ज्याला सवय, त्याने विद्यार्थ्यांकडूनही तेच मागावे यात नवल ते काय!

अट अशी होती की, प्रत्येक उमेदवाराने परीक्षागृहात बसून एक लहानसा निबंध लिहावा. शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि शब्दयोजना यांत तो निर्दोष असावा. विषय आधी जाहीर केलेल्या ग्रंथांतूनच निघावयाचा. पहिल्या वर्षीच्या यादीत शेक्सपिअरची तीन नाटके, गोल्डस्मिथची एक कादंबरी आणि स्कॉटच्या दोन कृती होत्या. योगायोग असा की, त्याच १८७४ साली पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. तिथे निबंध म्हणजे मनसोक्त विस्ताराने मांडलेला विचार. इथे तो घटकाभरात उरकावयाचा कागद. शब्द एकच, पण प्रकृती किती निराळी!

या अटीचा परिणाम शाळांवर तत्काळ झाला. यादीतील पुस्तके तेवढीच वर्गात शिरली. त्यांच्या टीपायुक्त शालेय आवृत्त्या निघू लागल्या. मुलांना कथानके मुखोद्गत झाली, परंतु वाक्य काही सुधारेना. १८७९ च्या परीक्षेत जवळजवळ निम्मे उमेदवार अनुत्तीर्ण झाल्याचे हिल यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे १८९२ मध्ये कॉलेजाने नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांचे कागद त्यांच्याच हस्ताक्षरात छापून जगापुढे ठेवले आणि दोषाचे सारे खापर शाळांच्या माथी मारले. समितीचे तिन्ही सभासद शिक्षकी पेशाबाहेरचे होते. ज्याने कधी शंभर निबंध तपासले नाहीत, त्याला हा निवाडा सोपा वाटणारच. त्या मानाने बॅरेट वेंडेल या प्राध्यापकाचा उपाय अधिक शहाणपणाचा म्हटला पाहिजे. तो विद्यार्थ्यांकडून रोज एक पान लिहवून घेई. विषय पाहण्यातला, अनुभवातला. लांबी थोडी, पण खंड नाही. परीक्षेसाठी म्हणून नव्हे, तर लिहिण्याचा हात चालता राहावा म्हणून.

१९०० साली अनेक कॉलेजांनी मिळून प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापिले. १९०१ च्या जूनमध्ये त्याच्या पहिल्या परीक्षेस ९७३ उमेदवार बसले. आता प्रश्न उभा राहिला तो परीक्षकांचा. १९१२ मध्ये स्टार्च व इलियट या दोघा संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे धाडली. कोणी तिला ६४ गुण दिले, कोणी ९८! ज्या मुलाचे भवितव्य त्या आकड्यावर टांगलेले, त्याने तयारी करावयाची ती भाषेची की परीक्षकाच्या लहरीची? महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, मंडळाने प्रवेशपरीक्षेतील निबंधवजा उत्तरे बंदच केली आणि पर्याय निवडण्याचे प्रश्न पुढे आले. ते तपासणे सोपे व स्वस्त, हे खरे. परंतु एकही वाक्य न लिहिता लेखनाची परीक्षा, हे शिक्षकांच्या गळी उतरेना. १९६० च्या सुमारास तर मंडळाने विद्यार्थ्याचा निबंध गुण न देताच कॉलेजांकडे पाठविण्याचा प्रयोग करून पाहिला.

१९६६ साली गॉडशॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. सहाशेंवर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच निबंध लिहिले होते, काही वीस मिनिटांत, काही चाळीस. आणि प्रत्येक निबंध पाच जणांनी वाचला होता. निष्कर्ष असा की, एकाच्या मतावर विसंबू नये. अनेकांनी भरभर वाचून एकंदर ठसा पाहून गुण द्यावे, म्हणजे न्याय बराचसा साधतो. ही रीत रूढ झाली, पण तिच्यातही पळवाट निघाली. २००५ साली मंडळाच्या 'सॅट' परीक्षेत पंचवीस मिनिटांचा निबंध आला, तेव्हा लेस पेरेलमन यांनी दाखवून दिले की, लांब निबंधास गुण अधिक मिळतात आणि त्यातील इतिहास चुकला तरी कोणी हरकत घेत नाही. २०१६ मध्ये तो निबंध ऐच्छिक झाला, २०२१ मध्ये तो जवळजवळ सर्वत्र थांबला.

मंडळाच्याच 'क्लेप' या श्रेयपरीक्षेत मात्र २०१० पासून कॉलेजच्या निबंधलेखनासाठी सत्तर मिनिटांत दोन निबंध मागितले जाऊ लागले: पहिला स्वतःच्या वाचनावर व अनुभवावर, तीस मिनिटांचा, दुसरा दिलेले दोन उतारे वाचून, त्यांचा आधार सांगून, चाळीस मिनिटांचा. या दुसऱ्या निबंधास पाठ केलेले परिच्छेद उपयोगी पडत नाहीत. उतारे समोर येईपर्यंत काय लिहावयाचे ते ठरत नाही, आणि ते वाचण्यातच चाळीसांतली काही मिनिटे निघून जातात. तेवढ्यात ज्याला एक सरळ वाक्य सुचते, त्याची तयारी बहुधा वेंडेलच्या त्या रोजच्या एका पानासारखीच झालेली असते.