तिथी आणि वारा

मुंबईचा इतिहास सांगताना आपण १५३४ साली पोर्तुगीजांना मिळालेली बेटे सांगतो, १६६१ सालचा लग्नाचा तह सांगतो, आणि १६६८ साली वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीच्या पदरात पडलेली मुंबई सांगतो. या साऱ्या देण्याघेण्याच्या आधीपासून तेथल्या खाड्यांत कोळ्यांची जाळी पडत होती. त्यांच्यापाशी सनद नव्हती. समुद्राचा हिशेब मात्र होता. त्या हिशेबाचे पुढे काय झाले, हेही इतिहासातच मोडते.

त्यातला पहिला आकडा चंद्राचा. तिथीची पाऊणपट करावी, येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती, असा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. डोल जाळ्याचे सारे काम यावरच चालते. तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेली ही लांबलचक पिशवी माशाच्या पाठीस लागत नाही. ओढीकडे तोंड करून उभी राहते आणि पाणी जे आणील ते घेते. उधाणाला ओढ जोराची, म्हणून बोंबील, जवळा भरपूर. भांगाला ओढ मंद, तेव्हा घरी बसून जाळी सांधावीत.

दुसरा आकडा वाऱ्याचा. आमची मुले भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतात. शिडाच्या होडीला तोच पोटापाण्याचा प्रश्न होता: पहाटे मतलईने बाहेर पडावे, दुपारनंतर खाऱ्याने घर गाठावे. ज्येष्ठात मोसमी वारा उठला की होड्या वर ओढाव्यात, त्या श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहीपर्यंत. या विश्रांतीत भक्ती होती, भीती होती आणि शहाणपणही होते. कारण पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात.

परंतु असा नेम सर्वांनी पाळला तरच टिकतो. स्वातंत्र्यानंतर सरकारी मदतीने होड्यांना यंत्रे बसू लागली. त्यांनी कोळ्याचे कष्ट वाचवले, आणि वाऱ्याशी त्याची बांधिलकी सैल केली. पुढे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडू लागले. १९८१ साली महाराष्ट्राला सागरी मासेमारीचा कायदा करावा लागला. २०१५ साली केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरवली. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. कायद्याचा समुद्र महिनाभर आधीच मोकळा झाला होता. ज्याने नारळाची वाट पाहावी, त्याने तोवर शेजाऱ्याच्या टोपल्या मोजाव्यात!

आता तर वाराच फिरला आहे. अरबी समुद्र तापला आहे, आणि वादळ पाण्याच्या उबेवर पोसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवले की, १९८२ ते २००० या काळाच्या मानाने २००१ ते २०१९ मध्ये या समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आले, ते ऐन मार्गशीर्षात, सुके बोंबील करण्याच्या दिवसांत. ३ जून २०२० रोजी निसर्ग अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले; मे २०२१ मध्ये तौक्ते किनारा झोडपत गुजरातेत गेले.

चंद्राचा आकडा आजही बरोबर येतो. चुकतो तो वाऱ्याचा. म्हणून जुन्या तांडेलाला अडाणी ठरवणे हा अन्याय होईल. रोज पाहावे, पाहिलेले पुढच्याला सांगावे, आणि पाणी नको म्हणाले की थांबावे, ही त्याची विद्या. वेधशाळाही दुसरे काय करते? वादळ उपग्रहाला आधी दिसते. खाडीच्या तोंडाशी ओढ कोठे वळते आणि गाळ कोठे साचला, हे खुंट रोवणाऱ्यालाच आधी कळते. दोघांनी एका ओसरीवर बसायला हवे.

तेवढ्यानेही भागणार नाही. जुन्या कोळ्याला थांबण्याचे दिवस ठाऊक होते, म्हणून त्या दिवसांसाठी घरात सुके म्हावरे साठवलेले असे. आज भर हंगामात ‘समुद्रात जाऊ नका’ असा इशारा येतो, आणि तो पाळलाच पाहिजे. ठरलेल्या पावसाळ्याची बेगमी करता येते. न ठरलेल्या दिवसांची बेगमी एकट्या कोळणीच्या फडताळातून निघणार नाही. तिचा भार तिच्याकडून मासळी घेणाऱ्या आपणा सर्वांवरही पडतो.