खडकीची नहर

जालना रस्त्यावरील करमाडच्या बाजूस नवी विहीर खणली जात असतां कोणी क्षणभर कांठाशीं उभें राहिलें, तर वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम आणि त्याच्याखालीं पहारीस दाद न देणारा काळा पाषाण, असे थर दृष्टीस पडतात. पाणी लागतें तें बहुधा मुरुमांत व पाषाणाच्या भेगांत. पावसाळ्यांत ओढा दुथडी वाहूं लागला कीं त्याचें पाणी कांठच्या मुरुमांत शिरतें. पाऊस सरल्यावर तेंच परत ओढ्यांत पाझरून त्यास कांहीं महिने जिवंत ठेवतें. फाल्गुनांत ओढा आटला असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां तो वाळूखालीं सरकलेला असतो एवढेंच.

करमाडच्या पश्चिमेस, याच पाषाणावर, निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर यानें १६१० मध्यें खडकी नगर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद झालें. २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर होय. उत्तरेच्या डोंगरांतून हर्सूलवरून येणारी खाम नदी उन्हाळ्यांत रोडावते. तिच्या उघड्या प्रवाहावर राजधानीची तहान भागती ना. अंबरानें तिच्या गुप्त प्रवाहास हात घातला.

हर्सूलच्या बाजूस खोऱ्याच्या पोटांत बांधीव भुयार घालण्यांत आलें. त्याच्या भिंतींस आंतून गिलावा केला नाहीं. ही हयगय नव्हे. कोरड्या सांध्यांतून आसपासचें पाणी भुयारांत झिरपावें, हाच त्यांतील हेतु. भुयाराचा उतार इतका मंद कीं पाणी धांवत नाहीं, पण थांबतही नाहीं. जागोजागीं वर उघडणारीं तोंडें हवेसाठीं व गाळ काढण्यासाठीं ठेविलेलीं. ना मोट, ना रहाट. पाणी आपल्याच भारानें शहरांत येई. ही विद्या मूळची इराणची. बऱ्हाणपुरासही मोगलांनीं १६१५ च्या सुमारास सातपुड्याचें झिरपणारें पाणी अशाच रीतीनें आणलें.

पाणचक्की पाहावयास येणारे लोक शेजारच्या खामेकडे बोट दाखवून ‘हिचेंच पाणी’ म्हणतात. वस्तुतः तें कित्येक मैलांवरून, डोंगराकडील झऱ्यांतून, मातीच्या नळांनीं येतें. तरी त्या लोकांस मी अगदींच चुकीचें ठरविणार नाहीं. डोंगरावरचा पाऊस एकच. त्याचा कांहीं भाग नदीनें येतो, कांहीं नळानें.

अशा नहरीस वैरी एकच: तिच्या माथ्यावर खणलेली खोल विहीर. भुयाराच्या तळाखालीं पाण्याची पातळी उतरली, कीं चिरा न् चिरा शाबूत असूनही नहर कोरडी पडते. अपराधी कोण, हें मात्र कोणास दिसत नाहीं.

कायद्यासही तें दिसलें नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८८२ सालीं झालेल्या सुविधाधिकाराच्या कायद्यानें ठराविक पात्रांतून वाहणारें पाणी निराळें मानलें, आणि जमिनींत वाटेल तसें झिरपणारें पाणी त्या जमिनीच्या धन्यास हवें तितकें उपसूं दिलें. म्हणजे एकाच खोऱ्यांतील तेंच पाणी भाद्रपदांत नदीचें आणि चैत्रांत शेतमालकाचें! महाराष्ट्रांत १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खणण्यास मनाई केली. पाऊल योग्य दिशेचें खरें. पण ते ५०० मीटर चहूंकडे सारखे मोजले जात आणि पाणी तर उतारानें येतें. हर्सूलच्या भुयाराचें पाणी याहून कितीतरी वरून, डोंगराच्या पायथ्यापासून, चालत येई.