तांबडी रक्तपेशी

तांबडी रक्तपेशी : रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारी, हिमोग्लोबिन या लाल प्रथिनाने भरलेली पेशी. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे ५० लाख पेशी असतात. तिचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. ती दोन्ही बाजूंनी मध्यभागी खोलगट असते. लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये स्वतः घासलेल्या भिंगातून या पेशी पाहून त्यांचे वर्णन केले.

शालेय पुस्तकात पेशीची ओळख कांद्याच्या पापुद्र्यापासून होते. भित्तिका, प्रद्रव्यपटल, केंद्रक, रिक्तिका अशी नावे आकृतीवर लिहून विद्यार्थी पुढे जातो. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात मात्र दुसरी एक पेशी घराच्या जास्त जवळची आहे. सिकलसेलची तपासणी, त्याचे रुग्ण आणि त्याची भीती हे सारे इथे ओळखीचे आहे, आणि तो आजार तांबड्या रक्तपेशीचा आहे. पेशीचा आकार, तिच्यातील द्रव्य आणि तिचे काम एकमेकांत किती घट्ट गुंतलेले असते, हे या पेशीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणून या नोंदीत सिकलसेलला मोठी जागा दिली आहे.

पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणाऱ्या तंतुकणिकाही नसतात. हाडांच्या मज्जेत ती तयार होत असताना केंद्रक असते. रक्तात उतरण्याआधी पेशी ते बाहेर टाकते. हे सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य आहे. अंगणातल्या कोंबडीच्या किंवा शेतातल्या बेडकाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर प्रत्येक तांबड्या पेशीत केंद्रक दिसते. केंद्रक गेल्यामुळे हिमोग्लोबिनसाठी जागा मोकळी होते, पण पेशी विभाजनाला आणि दुरुस्तीला कायमची मुकते. सुमारे १२० दिवसांनी प्लीहा आणि यकृत तिला रक्तातून काढून घेतात, आणि मज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी रक्तात सोडते. तंतुकणिका नसल्याचा परिणाम विचार करण्यासारखा आहे : ही पेशी आयुष्यभर ऑक्सिजन वाहते, पण स्वतः त्यातला कणही वापरत नाही. ग्लुकोजचे ऑक्सिजनविना विघटन करून ती आपल्यापुरती ऊर्जा मिळवते.

तिचे प्रद्रव्यपटल लवचीक असते. सर्वांत अरुंद केशिका तिच्या व्यासाहूनही बारीक असतात; तिथे पेशी दुमडून, एका रांगेत पुढे सरकते आणि बाहेर पडताच पूर्ववत होते. हे पटल निवडक्षम पार्य आहे, त्यामुळे परासरणाचा अभ्यास या पेशीवर उत्तम होतो. साध्या पाण्यात ठेवली की पाणी आत शिरून ती फुगते आणि फुटते. कांद्याची पेशी फुटत नाही, कारण तिला पेशीभित्तिकेचा आधार असतो. मिठाच्या तीव्र द्रावणात तांबडी पेशी पाणी गमावून आकसते. शिरेतून दिले जाणारे नेहमीचे सलाईन ०.९ टक्के मिठाचे असते ते याचमुळे : त्या तीव्रतेला पेशी फुगत नाही आणि आकसतही नाही.

एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा : दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने जोडलेली असतात. हा क्रम ज्या जनुकात लिहिलेला आहे, ते ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्यातील एक अक्षर बदलले की सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. उरलेली १४५ अमिनो आम्ले जशीच्या तशी असतात. एवढ्याच फरकाने दात्रपेशी पांडुरोग, म्हणजे सिकलसेल, होतो. शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तातील विळ्यासारख्या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये तो एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन पोहोचवला. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये नोंदला गेला.

ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलिनवर प्रभार नाही आणि ते पाण्यापासून दूर राहू पाहते. रेणूने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत अडकते, त्याला पुढचा रेणू चिकटतो आणि पेशीत लांब, ताठ तंतू तयार होतात. तंतूंच्या रेट्याने पेशी विळ्याच्या आकाराची होते. ऑक्सिजन परत मिळाला की बहुतेक पेशी सरळ होतात, पण हे पुन्हापुन्हा घडल्यावर पटलच बिघडते आणि पेशी वाकडीच राहते. अशा ताठ पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या ऊतींना रक्त मिळत नाही, आणि हातपाय, पाठ, छाती किंवा पोटात असह्य वेदना उठतात. शिवाय या पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. मज्जेला ती गती झेपत नाही, म्हणून रक्त कमी राहते. प्लीहेची हानी झाल्याने लहान मुलांना जंतुसंसर्ग लवकर गाठतो.

पेशीतील पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन दाट होते आणि तंतू जलद बनतात. म्हणून उन्हातले काम, ताप, जुलाब आणि तहान ही या रुग्णांना धोक्याची. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात. दिवसभराच्या त्या कष्टात पुरेसे पाणी पिणे हाच अर्धा उपचार ठरतो. या आजारात मूत्रपिंडे लघवीतले पाणी नीट राखू शकत नाहीत. वर्गातल्या अशा मुलाला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि लघवीला जाण्यापासून अडवू नये.

महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचे, म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्यांचे, प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले आहे. पूर्व विदर्भात इतर समाजांतही हा आजार आहे. याचा जातीच्या किंवा कुळाच्या ‘दोषा’शी काहीही संबंध नाही. कारण हिवतापात आहे : त्याचा परजीवी तांबड्या पेशीत वाढतो, आणि वाहकाच्या पेशीत त्याचा निभाव कमी लागतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवले. ज्या प्रदेशांत हिवताप पिढ्यानपिढ्या होता, तिथे हे जनुक टिकून राहिले.

वाहक आणि रुग्ण यांतला भेद प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. वाहकाकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असते; त्याच्या पेशीतील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन सामान्य असते आणि तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. रुग्णाकडे आई आणि वडील या दोघांकडून आलेल्या दोन प्रती असतात. दोघेही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली, हा हिशेब चुकीचा आहे. समजा, गावात पाचांत एक जण वाहक आहे आणि रक्ताची माहिती न घेता लग्ने जुळतात; तर पंचविसांतल्या एका जोडप्यात दोघेही वाहक असतील, आणि शंभरांतले सुमारे एक मूल आजार घेऊन जन्माला येईल. तपासणीचा आग्रह यासाठी आहे.

सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे या चाचणीने कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. नवजात बाळात गर्भावस्थेतील वेगळे हिमोग्लोबिन भरपूर असल्याने पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि वेदनांचे झटके कमी करते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या मज्जेतील मूळ पेशी बाहेर काढतात, गर्भकालीन हिमोग्लोबिन रोखणारा जनुकीय अडसर त्यांच्यात दूर करतात आणि त्या पेशी रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. रक्तातल्या तांबड्या पेशीवर हे करता येत नाही, कारण तिच्यात केंद्रक नसते.